युल्त्सनला उतराच

जर्मनीत हॅम्बुर्गहून हॅनोव्हरकडे जाताना वाटेत युल्त्सन लागतं. गाव लहानसं, पण इथे गाडी बदलावी लागणारे बरेच असतात. त्यातले निम्मे घाईत पुढच्या फलाटाकडे पळतात आणि उरलेले मोबाईल काढून खांबांचे फोटो घेत बसतात. मी दुसऱ्या गटातली.

स्टेशनची इमारत मुळात एकोणिसाव्या शतकातली, विटांची. आपलं सीएसएमटी उभं राहिलं साधारण त्याच सुमाराची. 2000 साली हॅनोव्हरला जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने हे स्टेशन व्हिएन्नाचे चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर यांच्या हाती दिलं. सरळ रेषेशी या माणसाचं कायमचं वैर. त्यांनी जुनं काही पाडलं नाही, त्यावरच चढवत गेले: मनोऱ्यांवर सोनेरी गोळे, भिंतींवर वळणदार नक्षी, छपरावर हिरवळ. फलाटांवरच्या छपराला सौर पॅनेलही आहेत, कारण निसर्गाचं देणं फेडायलाच हवं, ही त्यांची जुनी भूमिका.

खरं सांगू, ते सोनेरी गोळे मला जरा जास्तच वाटले. जीव अडकला तो खांबांत. निळे, हिरवे, पिवळे, लाल, चकचकीत झिलईचे. कुठे फुगलेले, कुठे आवळलेले, जणू मडक्यांची उतरंडच. दोन सारखे शोधायला गेले तर सापडेनात. आणि कुठेही दोरी बांधलेली नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. हात फिरवून बघितला: गुळगुळीत, गारेगार. शेजारी एक आजोबा त्याच खांबाला टेकून निवांत सँडविच खात होते.

स्वच्छतागृहसुद्धा सोडलेलं नाही! तिथेही वेड्यावाकड्या रंगीत फरशा. न्यूझीलंडच्या कावाकावा गावात तर त्यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहच बांधलं, आणि लोक ते मुद्दाम बघायला जातात.

हे स्टेशन पुरं झालेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये न्यूझीलंडहून युरोपला येताना जहाजावरच ते गेले, आणि काम त्याच वर्षी नोव्हेंबरात संपलं.

इकडे कधी आलात तर हॅम्बुर्गहून लोकल-छाप गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. एक गाडी मुद्दाम सोडा, आणि बाहेरच्या चौकात जाऊन पुढची बाजू बघायला विसरू नका. फलाटावरून ती दिसत नाही.