बंब, गीझर आणि आई

मागच्या आठवड्यात इंदूरला कडाक्याची थंडी पडली आणि नेमका तेव्हाच आमचा गीझर गेला. लेक पंधरा वर्षांची, टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारात उभी, चेहरा असा की वायफाय कायमचं बंद झालंय. मेकॅनिकला फोन लावला तर म्हणाला, "भिया, कल आता हूँ", आणि इंदूरचा 'कल' म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको.

तर मला सुचलं, बंब पेटवू! रामबागेतलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासून आमचा तांब्याचा बंब हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा आहे, पितांबरीने घासलेला, वर मनीप्लांटची कुंडी. लेकीला आजवर तो शोपीसच वाटत होता.

मग काय, मी लेक्चर सुरू केलं. हे बघ, मधोमध हे नळकांडं, त्यात ढलप्या, करवंट्या, कोळसे टाकायचे, खाली जाळीतून राख पडते, भोवती सगळं पाणी. वर नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तापून हलकं झालेलं वरच्या तोटीतून बाहेर येतं, म्हणजे जेवढं गार ओताल तेवढंच गरम मिळणार, फुकट काही नाही. "आणि थर्मोस्टॅट?" बोट बुडवून बघायचं, तोच थर्मोस्टॅट. मी रंगात आलो होतो त्यामुळे पुढे 1868 सालावरही गेलो, लंडनच्या बेंजामिन मॉघन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलंडमधल्या उकळत्या झऱ्यावरून त्याला गीझर म्हणाला, पण धूर बाहेर जायची सोयच त्यात नव्हती, म्हणजे आंघोळ करायची तीही जीव मुठीत धरून. आणि तू 15 लिटर पाणी तापायला पंधरा मिनिटं लागतात म्हणून कुरकुरतेस!

"बाबा, शाळेची बस."

ती तोंड धुऊन गेली. मी मात्र हट्टाला पेटलो, बंब बाल्कनीत नेला, भरला, रद्दी पेटवली. पाच मिनिटांत धूर वरच्या मजल्यावर आणि वरच्या वहिनी खाली. त्यात खालच्या जोडातून पाणी ठिबकायला लागलं ते थेट विस्तवावर, आणखी धूर. मी आपला फुंकतोय, डोळ्यांतून पाणी.

आई मागे खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. म्हटलं, "काय मजा होती ना गं तेव्हा, बंबाच्या पाण्याला वासच वेगळा."

"तुला काय ठाऊक रे बंबाचं? तू उठायचास तेव्हा पाणी तयार असायचं."

मग ती बोलायला लागली. लग्न होऊन इंदूरला आली 1974 मध्ये, तेव्हा नर्मदेचं पाणी शहरात यायचं होतं, वाड्यातल्या विहिरीतून पाणी शेंदायचं, मग बंबात भरायचं, पहाटे साडेचारला. पावसाळ्यात लाकडं ओली, फुंकणीने फुंकून फुंकून छाती भरून यायची. घरात नऊ माणसं. आधी सासरे, मग दीर, मग पोरं, आणि हिची पाळी येईपर्यंत बंब गार झालेला. नर्मदेचं पाणी 1978 मध्ये आलं, नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून, तेही एक दिवसाआड, पण नळाला तोटी फिरवून पाणी आलं तेव्हा ती म्हणे बराच वेळ नुसती बघत उभी होती. गीझर लागला 1991 मध्ये. त्या दिवशी ती घरात सगळ्यांत आधी न्हायली होती. मला हे आठवतसुद्धा नाही, मी तेव्हा चौदा वर्षांचा, म्हणजे आत्ता लेक आहे साधारण तेवढाच.

मी गुपचूप विस्तव विझवला. कुंडी परत बंबावर.

मेकॅनिक तिसऱ्या दिवशी उगवला. जुनी कॉइल बाहेर काढली तर बोरिंगच्या पाण्याने तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर. नवी बसली, लाल दिवा लागला. लेक टॉवेल आणायला खोलीत पळाली, तेवढ्यात आई काठी टेकत बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावली.

पंचवीस मिनिटं झाली, लेक दार वाजवतेय, आणि आतून आई, "थांब जरा, अजून गरम येतंय."