तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"तुला असलं बघवतं तरी कसं?" नणंदेनं विचारलं, ऑफिसात डबा खाताना मैत्रिणींनी विचारलं. असलं म्हणजे असे सिनेमे: पाच-सहा अनोळखी माणसं एका खोलीत डांबलेली, बाहेर पडायला वाट नाही, आणि शेवटाला त्यातलं एखादंच जिवंत. दरवेळी मी "कोडी आवडतात मला" म्हणून वेळ मारून नेली.

ते अगदीच खोटं नव्हतं. १९९७ चा कॅनडातला 'क्यूब' घ्या. पडद्यावर खोल्यांमागून खोल्या दिसतात, पण पूर्ण बांधलेली खोली एकच. भिंतींचा रंग बदलून तीच पुन्हा पुन्हा वापरली. २००४ चा 'सॉ' १८ दिवसांत चित्रित झाला. गाठीला पैसा नसला की राक्षस परवडत नाही, मग कॅमेरा माणसांच्या तोंडाकडेच बघत बसतो. 'क्यूब'मध्ये सगळ्यांना धीर देत पुढे चालणारा पोलीसच सोबतच्यांच्या जिवावर उठतो. तिथे माझ्या पोटात गोळा येतो. मी बघते ती त्या गोळ्यासाठी.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी २२ वर्षांची, कलिन्याला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अडकलेली. खाली पाणी शिरलं तशी खालची माणसंही वर आली. दिवे गेले, मोबाईल बंद पडले. पुढच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. तो भुकेनं रडत होता आणि ती म्हणत होती, "उजाडलं की खाऊ हं, उजाडलं की."

माझ्या पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता.

कागद वाजू नये म्हणून मी पर्समध्येच हात घालून तो नखानं फाडला. ओढणी तोंडावर घेतली. बिस्कीट चावलं नाही, जिभेवर भिजू दिलं. एक, मग दुसरं. मुलगा रडून रडून झोपला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळी जवळच्या चाळीतल्या पोरांनी पाण्यातून येऊन चहा दिला, वडापाव दिले. मीही घेतला. घरी पोचले तेव्हा पुड्यात चार बिस्किटं शिल्लक होती.

नंतर कितीतरी दिवस पेपरात मुंबईकरांच्या माणुसकीच्या बातम्या येत होत्या. त्या खऱ्याच होत्या, तो चहा मी स्वतः प्यायले आहे. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "होतं ते सगळ्यांनी वाटून खाल्लं."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बिस्किटांचं काय घेऊन बसलीस. मीही स्वतःला तेच सांगत आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, रात्र कधी संपेल ठाऊक नव्हतं, कोणीही हेच केलं असतं. पण कोणीही केलं असतं कशावरून? माझ्या शेजारच्या काकांनी आपली पाण्याची बाटली न मागता पुढे दिली होती. ती माझ्याही हातात आली. मी दोन घोट घेतले आणि पुढे त्या बाईकडे दिली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

कॉलेजात मी हेच सिनेमे बघायचे आणि मैत्रिणींना छातीठोकपणे सांगायचे की आपण त्या खोलीत असतो तर असं वागलो नसतो. त्या मुलीचा मला राग येतो. कधी वाटतं, तिचं बरोबर होतं आणि मीच कमी पडले.

अजूनही दिवे घालवून एकटीच बघते. तो पोलीस चिडायला लागतो तिथे मान वळवत नाही.