उकडीचा हात आणि काशिवामोची

एप्रिल अर्ध्यावर आला की आमच्या निशिकासाईतल्या मिठाईच्या दुकानाबाहेर कापडी पट्टी लागते. तिच्यावर दोनच कांजी अक्षरं, काशिवामोची, म्हणजे पानात गुंडाळलेली तांदळाची मिठाई. 5 मे उलटला की पट्टी उतरते आणि मोचीही नाहीशी होते. तोक्योत आलो त्या पहिल्या वर्षी मी 8 तारखेला मागायला गेले, तर दुकानातल्या बाईंनी अगदी अदबीनं, मान लववून सांगितलं की आता पुढच्या वर्षी. तेव्हा मला ते फार अडेलतट्टू वाटलं होतं. आता त्याचं मोल कळतं. बारा महिने मिळणाऱ्या मोदकांनी भाद्रपदातल्या चतुर्थीची वाट बघण्यातली गोडी थोडी तरी कमी केली, असं मला मनापासून वाटतं.

यंदा मुलगा बालवाडीतून कागदाचा कोइनोबोरी, म्हणजे वाऱ्यावर फुगणारा मासा, करून घेऊन आला. 5 मे हा पूर्वी मुलग्यांचा सण, तांगो नो सेक्कु. 1948 पासून तो ‘मुलांचा दिवस’ म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा झाला. त्या दिवशी काशिवामोची खायची. क्योतो-ओसाकाकडे चिमाकीची, म्हणजे पानात लांबट गुंडाळून वाफवलेल्या मोचीची, पद्धत जास्त, पण तोक्योत काशिवामोचीच. मुलगा म्हणाला, “आई, तू मोदक करतेस ना, मग हे पण कर.” मला त्यात अवघड असं काही दिसलंच नाही. तांदळाच्या पिठाची पांढरी पारी, आत गोड सारण, अर्धचंद्रासारखी दुमडून पानात गुंडाळलेली. ही तर आपली पातोळी! माझं माहेर गुहागरचं. उकड काढायला मी नववीत शिकले.

पीठ आणलं ते जोशिन्को. जपानी दुकानात तांदळाच्या पिठांचा एक अख्खा कप्पा असतो आणि त्यात गोंधळ हमखास होतो. शिरातामाको, मोचीको ही चिकट तांदळाची, तर जोशिन्को आपल्या रोजच्या भातासारख्या तांदळाचं. तांदूळ धुऊन, वाळवून दळलेलं, आपल्या मोदकाच्या पिठासारखंच. काशिवामोचीला हेच लागतं. भांड्याला भांडं पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, उकळी आल्यावर पीठ घालून झाकण, मग हाताला पाणी लावून गरमागरम मळणं. जपानी तांदूळ मुळात चिकट, त्यामुळे उकड हाताला जास्त धरत होती, पण जमली. सारण डब्यातलं तयार, अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं. मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवलं. गरम असताना सगळ्यांनी दोन-दोन खाल्ल्या.

उरलेल्या सहा मी पानांत गुंडाळून ताटलीत ठेवल्या. संध्याकाळी मुलाला द्यायला एक उघडली तर कडा पांढऱ्याफटक पडलेल्या, दुमडीवर चीर गेलेली. बोटानं दाबलं तर वाळलेल्या शाडूसारखी कडक. दुकानातली मोची मात्र सकाळी आणलेली रात्रीपर्यंत मऊ असते. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, उकड गार झाली की कडक होणारच. मोदक कुणी गार ठेवून खातं का? वाफेवरून ताटात, ताटात तूप, की तोंडात.” बरोबरच होतं तिचं. पण काशिवामोची कुणीच गरम खात नाही. ती दुकानातून घरी येते, देवघरासमोर किंवा बाहुल्यांसमोर ठेवली जाते, मग चहाबरोबर गारच खाल्ली जाते. दिवसभर मऊ राहणं हाच तिचा गुण. माझ्या हाताला तेवढंच शिकवलेलं नव्हतं.

वॉर्डाच्या सामुदायिक केंद्रात दर महिन्याला त्या-त्या सणाच्या मिठाईचा वर्ग असतो. मार्चमध्ये हिनामात्सुरीची, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाची, साकुरामोची, जूनअखेरीला मिनाझुकी, सप्टेंबरात ओहागी. एप्रिलचे दोन शनिवार काशिवामोचीचे होते. मी नाव घातलं.

पहिला शनिवार सगळा आनचा, म्हणजे सारणाचा. शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरीच्या पुढच्या, बोलणं कमी. मी रात्रीच अझुकी भिजत घालून नेली होती. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, “ही भिजवावी लागत नाही.” अझुकीची साल पाणी आत घेत नाही. डोळ्याजवळच्या बारीकशा जागेतूनच पाणी शिरतं, म्हणून ती सरळ शिजायला टाकतात. पहिली उकळी आली की पाणी लालसर तपकिरी होतं. ते सगळं ओतून द्यायचं. त्यात तुरटपणा असतो. मला ते पाणी टाकणं जिवावर आलं, कारण आमच्याकडे पुरणाचं वरचं पाणी कटाच्या आमटीला जातं. सेन्सेईंनी चमचाभर पाणी चाखायला दिलं. जीभ आखडली. मग मीच मुकाट्यानं ओतलं.

पुन्हा पाणी, मंद आच, तासभर. दाणा अंगठा आणि करंगळीत धरून दाबला की पिठासारखा व्हायला हवा. अंगठा आणि तर्जनी नाही, करंगळीच, कारण तिच्यात जोर कमी असतो. ही खूण मी आता तुरीच्या डाळीलाही लावते. मग चाळणीवर घासून सालं वेगळी केली. इथपर्यंत पुरणयंत्र आणि हे एकच. पुढे रस्ता वेगळा. चाळणीखाली आलेला गर भरपूर गार पाण्यात सोडला, खाली बसू दिला, वरचं गढूळ पाणी ओतलं, पुन्हा पाणी, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं. उरलेला गाळ कापडात बांधून पिळला, तेव्हा हातात आलं एक कोरडं, भुरभुरीत, फिकट जांभळं पीठ. त्याला अजून चव नव्हती, साखरही नव्हती. चक्क्यासारखा गोळा, पण हातानं मोडला की मऊ रेती. हा कोशिआनचा पाया. साखर यानंतर. सालासकट ठेवतात ते त्सुबुआन, त्याला ही मेहनत नाही. मलाही खाताना तेच आवडतं. पण कोशिआन एकदा स्वतःच्या हातानं केल्यावर त्या गुळगुळीत घासामागं किती पाणी वाहून गेलंय ते विसरता येत नाही.

आटवताना माझी चूक झालीच. उलथणं उभं राहीपर्यंत पुरण आटवायचं ही आईची खूण हातात भिनलेली. सेन्सेईंनी त्याआधीच गॅस बंद करायला सांगितला. तळाला उलथण्यानं रेघ ओढली की क्षणभर भांडं दिसतं आणि पळीतून पडलेला गोळा डोंगरासारखा राहतो, तेवढं पुरे. गार झाल्यावर ते आपोआप घट्ट होतं. मी पाचेक मिनिटं जास्त ठेवलं आणि माझं आन दुसऱ्या दिवशी कोरडं पडून फुटायला लागलं. शेजारच्या ओट्यावरच्या बाईंचं मात्र रेशमासारखं.

दुसऱ्या शनिवारी पारी. ज्याच्यासाठी मी आले होते ते हेच. 200 ग्रॅम जोशिन्को, 20 ग्रॅम साखर, त्यात कढत पाणी साधारण 200 मिलिलिटर, थोडं थोडं करत. चॉपस्टिकनं ढवळून मग हातानं गोळा. किती मऊ? सेन्सेई स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून म्हणाल्या, “मिमिताबु.” जपानी स्वयंपाकात पिठाच्या मऊपणाचं माप म्हणजे कानाची पाळी. वर्गातल्या आम्ही आठही जणी एका हातात पीठ आणि दुसऱ्या हातात कान धरून उभ्या होतो. माझं पीठ घट्ट होतं, दोन चमचे पाणी अजून लागलं.

मी लगेच पारी करायला हात घातला तर सेन्सेईंनी थांबवलं. पिठाचे ओबडधोबड तुकडे तोडून ओल्या कापडावर पसरले आणि झाकण घालून सणसणीत वाफेवर पंचवीस मिनिटं ठेवले. म्हणजे सारण भरण्याआधीच पीठ पूर्ण शिजवायचं. एक तुकडा मोडून बघितला, मध्ये पांढरा कच्चा ठिपका राहता कामा नये. मग ते वाफाळतं पीठ ओल्या कापडासकट लाकडी भांड्यात टाकून लाकडी दांड्यानं कुटायचं. तुकडे एकजीव झाले की कापडातच दुमडून दुमडून तळहाताच्या टाचेनं तिंबायचं, मग गोळा क्षणभर गार पाण्यात बुडवून काढायचा आणि पुन्हा तिंबायचं. हात भाजत होता, घाम येत होता. पहिल्या पाच मिनिटांत गोळा खडबडीत, मग अचानक हाताखाली बदलला. चिकटपणा गेला, ओढलं तर तुटायच्या ऐवजी लांबायला लागला, वर चकाकी आली. माझ्या उकडीत हे कधीच होत नव्हतं, कारण मी तिथवर जातच नव्हते. आपली उकड अर्धीकच्ची असते, मळणं जेमतेम, उरलेलं शिजणं सारणासकट मोदकपात्रात. गरम खायच्या पदार्थाला तेच योग्य आहे, पारी हलकी राहते. इथे मात्र तांदूळ पूर्ण फुलवून, कुटून घ्यायचा आणि पिठातली थोडी साखर त्याला लवकर कडक होऊ देत नाही. चमचाभर तुपानं जे होणार नव्हतं ते या तिंबण्यानं आणि 20 ग्रॅम साखरेनं झालं.

दहा गोळे केले. प्रत्येक लांबट थापून घेतला, मध्ये 25 ग्रॅम आन, आणि करंजीसारखी दुमड. मुरड घालायची नाही, कडा फक्त जुळवायच्या. आमच्या ओट्यावर निम्म्यांत मिसोआन होतं, पांढऱ्या घेवड्याच्या सारणात पांढरा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. खारट-गोड. तोक्योच्या बाजूला हे फार आवडतं आणि मला ते साध्या आनहून सरस वाटतं. सारण भरून पुन्हा पाचच मिनिटं वाफ, मग बाहेर काढून पंख्यानं वारा घातला. वाऱ्यानं वरचं पाणी उडतं आणि चकाकी बसते.

पानं आम्ही आदल्या दिवसापासून भिजवून, उकळून, पुसून ठेवली होती. वाळकी काशिवाची पानं, ओकची एक जात, तळहाताहून मोठी, कडा लाटांसारख्या. उकळताना खोलीत जंगलातल्या पहिल्या पावसाचा वास सुटला होता. साकुरामोचीचं खारवलेलं पान खाल्लं तरी चालतं, हे खात नाहीत, फक्त वास घ्यायचा. पश्चिम जपानात हे झाड कमी, म्हणून तिकडे सारुतोरी-इबारा नावाच्या काटेरी वेलीची गोल पानं वापरतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पानाची सुलटी बाजू बाहेर असेल तर अझुकी आणि उलटी असेल तर मिसो, अशी खूण होती. आम्हीही तसंच गुंडाळलं.

काशिवाच का, हे मी गुंडाळताना विचारलं. सेन्सेई म्हणाल्या, “नवा अंकुर येईपर्यंत हे झाड जुनं पान सोडत नाही. म्हणून मुलाच्या सणाला. घर चालू राहावं म्हणून.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही बोलता येईना. आईचे गुडघे यंदा फार दुखतात, गेल्या गणपतीत मोदक मी व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर वळले होते.

5 मे च्या सकाळी घरी एकटीनं केल्या. आन या वेळी वेळेवर उतरवलं. तिंबताना घड्याळ लावलं होतं, बारा मिनिटं. मुलाला तुकडे करून दिले, लहान मुलांना मोची अख्खी कधीच देत नाहीत. त्यानं मिसोवाली नाकारली आणि साधी दोन वेळा मागितली. रात्री दहाला शेवटची उरलेली मी पान उलगडून दाबली. बोट आत गेलं, आणि काढल्यावर खळगा हळूहळू भरला.

पानांच्या पाकिटात काही पानं उरली होती. श्रावणात नागपंचमीला मी पातोळ्या केल्या. इथे मला हळदीची पानं मिळाली नाहीत, म्हणून ही उकळून वापरली. हळदीच्या पानाचा वास त्याला नाही, तो नाहीच, पण वाफवताना घर पुन्हा त्या ओल्या जंगलानं भरलं. आत ओलं खोबरं, गूळ, वेलची. स्टीलच्या डब्याला टॉवेल गुंडाळून मी चार पातोळ्या केंद्रात घेऊन गेले, बरोबर तुपाची छोटी डबी. सेन्सेईंनी डबा उघडला, पारी बोटानं हलकेच दाबली आणि विचारलं, “वाफवल्यावर तिंबलं नाहीत?”

“नाही,” मी म्हटलं. “ही गार होऊ द्यायची नाही. तूप घालून आत्ताच खायची.”

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, पान उलगडलं, आणि मी तूप वाढेपर्यंत हात जोडून थांबल्या.