तुम्ही विचारलंत म्हणून: फोम काँक्रीटचा स्लॅब टाकता येतो का?

सांगलीत कुणाचं बांधकाम निघालं की मला हाच प्रश्न येतो, तुम्ही ते पाण्यावर तरंगणारं काँक्रीट करता ना, मग आमचे कॉलम, स्लॅब पण त्यातच टाकून द्या की, वजन कमी, स्टील कमी. तर तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो, भिंतीला खुशाल वापरा, कॉलम-स्लॅबला अजून नको.

साधं काँक्रीट घनमीटरला 2400 किलोच्या आसपास भरतं. फोमवाल्यात खडी नसते, सिमेंट, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), बारीक वाळू आणि पाण्याची स्लरी करायची आणि फेस करणाऱ्या मशीनमधनं काढलेला फेस त्यात मिसळायचा. फेस जितका जास्त तितकं हलकं, आणि तितकीच ताकद कमी. 800 किलोवालं घेतलं तर चौरस मिलिमीटरला अडीच-तीन न्यूटन मिळतात, आणि आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, कमीत कमी एम20 मागतं, म्हणजे 20 न्यूटन, फरक केवढा ते बघा.

आमचं सगळं काम हा फरक कमी करायचं. त्यासाठी 1600 किलोच्या वर जावं लागतं, पाणी कमी करून प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारं रसायन, घालावा लागतो, आणि मुख्य म्हणजे बुडबुडे बारीक आणि सुटे राहायला हवेत, ते एकात एक मिसळून मोठे झाले की क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, तिथनंच फुटतो. आपल्याकडं साखर कारखान्यांची बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख ढिगानं आहे, नीट जळलेली असली तर सिलिका भरपूर, पण न जळलेला कार्बन राहिला की तो फेस मोडतो. मला या राखेवर फार भरवसा आहे, काम चिकाटीचं आहे पण करण्यासारखं आहे.

आणि क्यूबचा आकडा आला म्हणजे झालं असंही नाही हो. हे काँक्रीट वाळताना जास्त आकसतं, कडकपणा कमी म्हणून स्लॅब जास्त झोल खातो, आणि सच्छिद्र असल्यामुळं हवा-ओल आत लवकर शिरून सळई गंजायची भीती.

तरी मी यामागं का लागलोय, तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. इमारतीवर येणारा भूकंपाचा जोर तिच्या वजनावर ठरतो. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची विटांची भिंत चार टनांच्या आसपास जाते, तीच 800 किलोच्या फोम ब्लॉकची पावणेदोन टन. कोयना पट्ट्यात हा फरक जिवाचा आहे.

एक मात्र करा, ब्लॉक घेणार असाल तर ड्रॉइंग व्हायच्या आधी इंजिनिअरला सांगा. नंतर सांगितलंत तर स्टील विटांच्याच वजनावर काढलेलं असतं आणि ती बचत हातातनं गेलेली असते.