चेन हाच ब्रेक

"मामा, मी पाय मागं दाबला, पण तो नुसताच फिरला."

गुडघ्याला हळद लावून घेताना चिमी एवढंच परत परत सांगत होती. रडत नव्हती. जे झालं ते पाच वर्षांच्या पोरीनं नेमक्या शब्दांत सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आमची गल्ली कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, रंकाळ्याच्या अंगाला उतरती. खालच्या वळणावर रिक्षा, मोटरसायकली सारख्या चालू. त्या दिवशी कुणाच्या तरी बांधकामाची वाळू मधेच पडली होती. सायकल त्यात रुतली आणि चिमी वाळूवर आपटली. वाळू नसती तर काय, हा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

सायकल नेदरलँड्सहून आलेली. धाकटी बहीण आणि मेहुणे चार वर्षं आइंडहोवनला होते, परत येताना सामानाबरोबर ही पण जहाजानं आली. १६ इंची चाकं, हँडलला ब्रेक नाही, वायर नाही. पेडल पुढं मारलं की चालते, पाय मागं दाबला की थांबते. तिकडं लहान पोरांच्या सायकलींना हाच ब्रेक सर्रास असतो आणि त्याचं कारण मला मनापासून पटतं. पाच वर्षांच्या मुठीत लिव्हर दाबायची फारशी ताकद नसते, पण पायात सगळ्या अंगाचं वजन असतं.

बहीण म्हणाली, "दादा, ही टाकून दे. हिला इथली साधी घेऊया." मी म्हटलं, आधी बघू तर दे.

उद्यमनगरात २१ वर्षं लेथवर काढलीत, त्यामुळं हा मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला गड्डा, मी पूर्वीच एकदा खोलून बघितला होता. आत मोठ्या पिचचे, म्हणजे लांब लांब अंतराचे आटे आहेत. पेडल पुढं मारलं की त्या आट्यांवरचा शंकूसारखा तुकडा, म्हणजे कोन, एका बाजूला सरकतो आणि हबला धरून चाक ओढतो. पेडल मागं दाबलं की तोच कोन उलटा सरकतो आणि ब्रेकचे तुकडे हबच्या आतल्या भिंतीवर दाबतो. त्या वेळी एक्सल, म्हणजे चाकाची मधली दांडी, स्वतःच गरगरू नये म्हणून डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते, ती फ्रेमच्या नळीला क्लिपनं बांधलेली असते. फार सुंदर काम आहे. पण पायाचा जोर हबपर्यंत पोचवते ती फक्त चेन. हातब्रेकच्या सायकलची चेन पडली तर आपण थांबून हात काळे करतो. इथं चेन पडली की ब्रेकच गेला.

या सायकलीला पूर्ण बंद चेनकव्हर आहे, त्यामुळं बाहेरून काहीच दिसत नव्हतं. कव्हर काढलं तर चेन मागच्या दात्यांवरून उतरून पडलेली. परत चढवून मधोमध बोटानं उचलली, तर वरखाली दोन-अडीच इंच हलायला लागली. हलायला पाहिजे अर्धा इंच, जास्तीत जास्त.

मग लक्षात आलं की महिन्यापूर्वी मागचं टायर बदललं होतं. जुनं उन्हानं चिरटलं होतं. जुन्यावर ४७-३०५ छापलेलं, म्हणजे ४७ मिलिमीटर रुंद आणि ३०५ हे रिमचं माप, आपल्या भाषेत १६ बाय १.७५. दुकानात ते नव्हतं म्हणून त्यांनी १६ बाय २.१२५ टाकलं, म्हणजे ५७-३०५. रिम तीच, बसलं बरोबर. पण १० मिलिमीटर रुंद टायर साधारण तेवढंच उंचही असतं. पेडलच्या मागं फ्रेमच्या दोन नळ्यांना जोडणारा आडवा तुकडा असतो, त्याच्यात आणि जुन्या टायरात ८ मिलिमीटर जागा होती. नवं टायर तिथं घासणारच.

घासू नये म्हणून चाक मागं घ्यायला पाहिजे, आणि चाक मागं घ्यायला चेन लांब पाहिजे. त्यांनी चेनीत कड्यांची एक जोडी वाढवली, आतली एक कडी आणि बाहेरची एक. म्हणजे एक इंच. चेन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून जाते, म्हणून एक इंच वाढली की चाक अर्धा इंच मागं जाऊ शकतं, जवळजवळ १३ मिलिमीटर. आणि एक्सलच्या खाचेत मागं जागा उरली होती फक्त ८. चाक खाचेच्या टोकाला टेकलं आणि उरलेली चेन तशीच लोंबत राहिली.

दुसरी चूक बारीक, पण मला ती जास्त लागली. चाक मागं घेताना ब्रेकच्या पट्टीची क्लिप ढिली करून तीही मागं सरकवावी लागते. ती जुन्या जागीच आवळलेली होती. त्यामुळं एक्सलचं डावं टोक पुढं अडकलं, उजवं मागं गेलं आणि चाक तिरकं बसलं. उजव्या नळीला आतून टायर घासून रंग गेला होता, बोटभर लांब चकचकीत पट्टा. चिमी आठवडाभर म्हणत होती, "सायकल जड चालते मामा." आम्ही म्हटलं, नवं टायर आहे, होईल सवय. तिचं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा वाटलं, हाफ लिंक, म्हणजे अर्ध्या जोडीची कडी, टाकून बघू. ती एकटीच जोडता येते, अर्धाच इंच वाढते, म्हणजे चाक सहा-सव्वासहा मिलिमीटर मागं. हिशेब केला तर आडव्या तुकड्यापाशी कसेबसे ४ मिलिमीटर सुटत होते. कागदावर चालतंय. पण कोल्हापूरच्या पावसात चिखलाचा एक गोळा टायरला चिकटला की ४ मिलिमीटर कुठं पुरतात? तिथं आणि दोन्ही बाजूंना ५-६ तरी मोकळे पाहिजेत. म्हणून मूळ मापाचंच टायर शोधायचं ठरवलं. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी पालथी घातली, चौथ्या दुकानात एकच मिळालं.

वाढवलेली जोडी काढली आणि चेनची दोन टोकं जोडणारं चेनलॉक परत लावलं. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडं ठेवायचं, उघडं तोंड मागं. उलटं झालं तर कुठंतरी अडकून क्लिप निघू शकते. हे मला पहिल्या वस्तादांनी शिकवलं होतं, ते आता चिमीला दाखवलं.

सायकल उलटी केली. ब्रेकच्या पट्टीची क्लिप ढिली. १५ च्या पान्यानं दोन्ही नट हाताला जाणवेल इतपत ढिले, एकदम मोकळे नाहीत. आधी चाक मागं ओढून उजवा नट हलका आवळला. मग टायर दोन्ही नळ्यांच्या बरोबर मधे येईपर्यंत पुढच्या टोकाला धरून सरकवलं आणि डावा आवळला. चेन अजून ढिली वाटली तर परत उजवा सोडायचा, केसभर मागं, परत आवळायचा. एका दमात जमत नाही.

एक गोष्ट बरेच जण सोडतात. पुढचं चेनव्हील, म्हणजे पेडलपाशी असलेलं दातेरी चाक, तंतोतंत गोल नसतं. एका जागी चेन बरोबर वाटते, अर्धा फेरा फिरवला की तारेसारखी ताणते. म्हणून चिमीला सांगितलं, "बोटं लांब ठेव आणि पेडल हळूहळू फिरव." मी मापाची स्टीलची पट्टी लावून बसलो. सगळ्यात ताठ जागा सापडली तिथं १० मिलिमीटर हालचाल ठेवली. त्यापेक्षा घट्ट केली तर चाक जड फिरतं आणि बेअरिंगच्या गोळ्या खराब होतात. शेवटी ब्रेकच्या पट्टीची क्लिप आवळली, अगदी शेवटी, म्हणजे पट्टी चाकाला तिरकं ओढत नाही.

दुपारी गल्लीच्या वरच्या सपाट भागात बघितलं. खडूनं रेघ मारली. चिमी आली, पाय मागं दाबला, चाक रेघेच्या एक वीत अलीकडं थांबलं. दहा वेळा केलं. उतारावर मी सीटला धरून पळत होतो, खालून तिसऱ्या घरापर्यंत. तिथं ती म्हणाली, "सोडा की मामा आता." सोडलं. वाळूच्या ढिगाच्या चार हात आधी तिनं सायकल थांबवली आणि मागं वळून बघितलं.

पुढच्या चिमट्याला ब्रेकसाठी भोक आहे. या आठवड्यात तिथं एक हातब्रेक बसवतोय, तिच्या मुठीत मावेल असा छोटा लिव्हर बघून ठेवलाय. आणि नट बसतात तशी चेन थोडी सैल होते, म्हणून चार दिवसांनी कव्हर काढून परत मापली. १२ मिलिमीटर. एक केसभर मागं घेतली.