झेड/व्हीएमवर दोन लिनक्समध्ये एकच डिस्क

झेड/व्हीएम म्हणजे आयबीएम मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन (गेस्ट) चालवणारी प्रणाली. वाचण्यापुरताच डेटा असेल तर मिनिडिस्क (खऱ्या डिस्कचा गेस्टला दिलेला भाग) शेअर करणं सर्वांत स्वस्त. मालक गेस्टकडे ०२०० ही डिस्क लिहिण्याच्या मोडमध्ये. बाकीच्यांच्या डिरेक्टरी नोंदीत (झेड/व्हीएममधली गेस्टची व्याख्या) तिची लिंक, मोड 'आरआर' (फक्त वाचणं). लिनक्समध्ये तीच डिस्क, म्हणजे ०.०.०२००, ऑनलाइन आणा आणि रीड-ओन्ली माउंट करा. फाइलसिस्टिम एक्स्ट४ असेल तर 'नोलोड' (जर्नल लोड न करण्याचा माउंट पर्याय) द्याच. नाहीतर जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट असताना कर्नल ते पुन्हा चालवायला जातो आणि माउंट फसतं.

मालकाने चालू डिस्कवर लिहिलं तर? वाचणाऱ्यांना कळतच नाही. प्रत्येक लिनक्सचा पेज कॅशे (वाचलेल्या डेटाची मेमरीतली प्रत) वेगळा, त्यामुळे जुनं-नवं मिसळून कचरा दिसतो. म्हणून नवी आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर तयार करा, मग एकेका गेस्टला अनमाउंट करून तिकडे वळवा. 'एमडब्ल्यू' (अनेकांना लिहू देणाऱ्या) मोडने दोघांनी लिहिणं म्हणजे फाइलसिस्टिमची माती. क्लस्टर फाइलसिस्टिम (अनेकांनी एकदम लिहिण्यासाठीच बनवलेली) असेल तर गोष्ट वेगळी.

एलपार (मेनफ्रेमचे स्वतंत्र विभाग) वेगळे असतील, म्हणजे झेड/व्हीएमही वेगळे असतील, तर आणखी सावध. लिंकची तपासणी एकाच झेड/व्हीएमपुरती असते. एसएसआय क्लस्टरसारखी (अनेक झेड/व्हीएम एकत्र जोडणारी) सोय नसेल तर पलीकडचा झेड/व्हीएम तीच डिस्क लिहायला खुशाल देतो.

दोन्हीकडून लिहायचं असेल तर सरळ एनएफएस (नेटवर्कवरून फाइल शेअर करणं), आणि एकाच मशीनवर असाल तर हायपरसॉकेट्सवरून (मेनफ्रेमच्या आतलं मेमरीतून चालणारं नेटवर्क). ६४ केबी फ्रेमला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ५७३४४ ठेवा, दोन्ही टोकांना सारखाच.