घाईघाईत रंगवलेली बरणी

लिलावाच्या साइटवर जुनी चिनी भांडी आली की त्यांच्याबद्दल लिहिलेलं मी वाचत बसतो, घ्यायची ऐपत नाहीच, पण वाचायला काय पैसे पडतात. परवा एक बरणी दिसली. युआन काळातली, म्हणजे १२७१ ते १३६८ मधली कधीतरी, फूटभर उंच, खांदे रुंद आणि खाली निमुळती, अंगावर ढगाच्या आकाराच्या चौकटी काढलेल्या, एकीत ड्रॅगन, दुसरीत फीनिक्स, सगळं काळपट तपकिरी रंगात. वर मोठ्या अक्षरात ‘त्सिझोऊ वेअर, खास संग्राहकांसाठी’.

आता खास वगैरे ठीक आहे, पण ही बरणी जन्माला आली तेव्हा काडीचीही खास नव्हती हो. त्सिझोऊची भांडी उत्तर चीनमधली, हबेई प्रांतात हांदानच्या आसपास भट्ट्या होत्या, ग्वानताई आणि पंगचंग ही त्यातली मोठी नावं. युआनच्या आधीच्या सोंग घराण्याच्या बादशहांसाठी ‘रू’ नावाची नाजूक निळसर भांडी वेगळीकडे व्हायची, इथला माल बाजारात जायचा, वाडगे, उश्या (हो, उश्यासुद्धा भाजलेल्या मातीच्या, त्यावर झोप कशी लागायची देव जाणे), दारूच्या बाटल्या, बरण्या. पुढे मिंग काळात इथले रांजण दरबारातही जायला लागले, पण तेही दारू भरायलाच.

तिथली माती भरड आणि करडी. भाजल्यावर दगडासारखी घट्ट होते, पाझरत नाही, आपल्याकडच्या लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरणीची जात तीच. फक्त रूप नाही. म्हणून वरून पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, त्यावर लोखंडाचा अंश असलेल्या मातीने चित्र काढायचं, मग पारदर्शक झिलई आणि बाराशे अंशांच्या आसपास भट्टी. त्या भागात कोळसा मुबलक, त्यामुळे भट्ट्या कोळशावर चालायच्या, तशा भट्टीत आत हवा भरपूर खेळते, आणि म्हणून झिलई निळसर न होता किंचित पिवळट येते. जाणकार लोक त्या पिवळटपणावर फिदा असतात.

पण मला बघायला आवडतो तो ब्रश. वाळलेला लेप पाणी चटकन शोषतो, ब्रश जरा रेंगाळला की डाग पडला, आणि पुसायची सोय नाही. त्यात माल स्वस्तातला, मागे अजून बरण्या ओळीने वाट बघतायत, विचार करायला वेळ कुणाला आहे. मी झूम करून बघितलं तर ड्रॅगनच्या मानेपाशी खवले अगदी शहाण्या मुलासारखे, टोकदार काडीने रंग खरवडून खालचा पांढरा लेप दाखवलाय, आणि शेपटीकडे जाईपर्यंत नुसत्या रेघोट्या. मागच्या बाजूचे ढग तर दोनतीन फटकाऱ्यांत उरकलेत. आणि गंमत म्हणजे तेच भारी दिसतंय! ज्याच्या हाताला रोज तोच ड्रॅगन काढायची सवय होती त्याने तो न बघता काढलाय असं वाटतं, नि आज लोक बोली लावतात ती या घाईवर.

नकली बनवणारा इथेच मार खातो असं माझं मत. माती जमते, झिलई जमते, पण तो समोर फोटो ठेवून काळजीपूर्वक काढतो, त्याला बरणी महाग विकायचीय ना, मग रेष घाबरलेली येते. अर्थात माझ्या मतावर कोणी लाखो रुपये लावणार नाही, त्यासाठी बुडाशी बारीक भोक पाडून मातीची पूड काढतात आणि ती तापवून किती प्रकाश देते ते मोजतात, त्यावरून शेवटचं भाजणं केव्हाचं त्याचा अंदाज येतो. त्यालाही चकवणारे आहेत म्हणा, जुन्या बुडावर नवं अंग बसवायचं, झालं.

शिवाय नुकसान झालेलं भांडं वाईटच असंही नाही. ११०८ मध्ये पुराच्या गाळाखाली गेलेलं च्यूलू नावाचं गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणलं गेलं, तिथल्या भांड्यांच्या झिलईतल्या केसाएवढ्या भेगांत मातीचा रंग उतरलाय, तर आता तोच डाग लोकांना हवा असतो. आणि १९९१ मध्ये ल्याओनिंगच्या किनाऱ्याजवळ सांदाओगांगला युआन काळातलं बुडालेलं जहाज सापडलं, त्यात त्सिझोऊचीच भांडी होती, अशाच ड्रॅगन-फीनिक्सच्या बरण्या, मासे काढलेली तसराळी. जहाजं भरून जाणारा माल होता हा!

माझी एकच तक्रार आहे. या जाहिरातींत बरणी चारी बाजूंनी दाखवतात, बूड दाखवतात, काठाचा टवका दाखवतात, आत मात्र कोणी डोकावत नाही. या बरण्यांना आतून बऱ्याचदा गडद तपकिरी झिलई असते, म्हणजे खरं काम जिथे व्हायचं ती बाजू तीच की. मी मेल टाकला, आतला एक फोटो पाठवता का म्हणून. लगेच उत्तर आलं, मुंबईपर्यंत पॅकिंग आणि विम्याचा खर्च किती येईल त्याचं.